आमचा पोरगा तुमच्या ३.२ टक्क्यांत नाही

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

कालचा अग्रलेख दोनदा वाचला, दुसऱ्यांदा चष्मा पुसून. बेरोजगारी २०१७-१८ ला ६.१ टक्के होती ती २०२३-२४ ला ३.२ वर आली, सबब देशाची तब्येत ठणठणीत. अभिनंदन. आता हा आकडा कसा निघतो ते ऐका, कारण तो थोडाफार आमच्या गिरणीतूनच निघालाय.

मागच्या वर्षी सरकारच्या रोजगार सर्वेवाली मुलगी आली होती, हातात टॅब; तुमचा आकडा त्याच सर्वेतला. आमचा धाकटा मेकॅनिकलचा इंजिनिअर, पुण्याला दोन ठिकाणी ट्रेनी म्हणून राबून परत आलाय, आता परीक्षा देतोय, आणि मी बँकेत किंवा जात्याला टाकी लावणाऱ्याला शोधायला गेलो की तेवढ्यापुरता गिरणीवर बसतो, डबे वजन करतो, पट्टा निसटला तर चढवतो. तिनं विचारलं, गेल्या सात दिवसांत काही काम केलं का? पोरगा म्हणाला, छे, घरीच असतो. तिनं त्याच्या भुवयांकडे बघितलं, ज्वारीचं पीठ बसलेलं. मग म्हणाली, गिरणीवर बसता ना? कधी कधी. तासभर तरी? हो. झालं, पोरगं कामाला लागलं! मी म्हटलं, अहो ताई, मी त्याला एक रुपया देत नाही. तर म्हणे, काका, घरच्या धंद्यात बिनपगारी मदत केली तरी ते कामच धरायचं, नियमच आहे. तिचा काय दोष, बिचारी स्वतःच कंत्राटावर होती. चहा घेऊन गेली.

आठवड्याच्या हिशोबात सात दिवसांत एक तास पुरतो, आणि तुमचा ३.२ ज्या वर्षाच्या हिशोबातला आहे त्यात वरकड, म्हणजे मुख्य नसलेलं, काम वर्षात तीस दिवस भरलं की माणूस रोजगारात. आमच्या चिरंजीवांचे तीस दिवस कधीच भरले.

बरं, त्याच सर्वेत पुढची पानं पण असतात साहेब. एकूण कामात धरलेल्या लोकांपैकी स्वतःचा धंदा म्हणून मोजलेले त्याच सहा वर्षांत ५२.२ वरून ५८.४ टक्के झाले, आणि त्यातच धरलेले बिनपगारी मदतनीस एकूणाच्या १३.६ वरून १९.४. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारे मात्र २२.८ वरून २१.७. म्हणजे वाढलंय कोण तर आमच्या पोरासारखे. आणि १५ ते २९ वयाच्या पोरांची बेरोजगारी तिथंच १०.२ दिलीय, ती अग्रलेखात मावली नाही वाटतं. बेरोजगारी एकाच आकड्यात मोजू नका हे बेरोजगारीच्या मोजणीसाठी सरकारनं नेमलेल्या दांतवाला समितीनं १९७० साली सांगून ठेवलंय, तेव्हा मी पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जायचो.

आणि खरं सांगू का, ज्याच्या घरात दोन वेळचं नाही तो बेरोजगार राहूच शकत नाही, तो काहीही करतो, भाजीची गाडी लावतो नाहीतर कुणाच्या तरी शेतात जातो. रिकामं बसायला सुद्धा बापाची गिरणी लागते. त्यामुळे आकडा कमी दिसला की सगळं बरं चाललंय असं म्हणायची घाई कशाला?

आता विषय निघालाच आहे तर, तुमच्या रविवारच्या 'पाहिजेत' मध्ये पूर्वी टर्नर, फिटर, अकाउंटंट असायचे, मी स्वतः ते कापून भाच्यांना पाठवायचो. आता अर्धा कॉलम 'घरबसल्या महिना चाळीस हजार कमवा' नं भरलेला. त्यातल्याच एका नंबरला आमच्या पोरानं रजिस्ट्रेशनचे पंधराशे भरले, नंबर दुसऱ्या दिवशी बंद. तुमच्या ऑफिसला फोन केला तर सांगितलं, जाहिरातीची जबाबदारी आमची नाही, तशी सूचना खाली छापलेली असते. शोधली, सापडली, भिंग लावून. ती निदान अग्रलेखाच्या टायपात छापा.

आपला,
एक गिरणीवाला, बार्शी