पक्षी पाहायला आठ पॉवरची दुर्बीण पुरेशी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळा लागला की हिप्परगा तलाव, उजनीचा फुगवटा आणि नान्नजचे माळरान येथे पक्षी पाहायला जाणाऱ्या सोलापूरकरांची संख्या वाढते आणि नव्या दुर्बिणींची खरेदीही होते. जितकी पॉवर जास्त तितकी दुर्बीण चांगली, या समजुतीने ती केली जाते आणि पुष्कळांचा हिरमोड होतो, म्हणून हे पत्र.

दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे असतात. पहिला आकडा पॉवरचा आणि दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. १०० मीटरवरचा पक्षी आठ पॉवरमधून साडेबारा मीटरवर असल्यासारखा दिसतो, दहा पॉवरमधून दहा मीटरवर असल्यासारखा. एवढ्या फरकासाठी मोजावी लागणारी किंमत मात्र मोठी आहे, कारण दुर्बीण पक्ष्याबरोबर आपल्या हाताची थरथरही तितक्याच पटीने वाढवते. नान्नजच्या माळावर धाविक पक्षी तुरुतुरु पळतो, क्षणभर थबकतो आणि पुन्हा पळू लागतो; त्या थबकण्यातच त्याच्या डोळ्यावरची पांढरी आणि डोळ्यातून मागे गेलेली काळी पट्टी टिपायची असते. बारा किंवा सोळा पॉवरची दुर्बीण नुसत्या हातात धरली, तर या दोन पट्ट्या एकमेकींत मिसळून जातात. शिवाय पॉवर वाढली की दिसणारा परिसर आकसतो, त्यामुळे गवतालगत तरंगत जाणारा भोवत्या पक्षी हुडकेपर्यंत निघूनही गेलेला असतो.

आपल्याकडच्या उन्हाचाही विचार करायला हवा. सकाळ सरू लागली की तापलेल्या जमिनीवरची हवा लहरू लागते, आणि जास्त पॉवरमधून त्या लहरीच मोठ्या दिसतात. पहाटेच्या अंधूक उजेडाचे गणित वेगळे: ४२ ला ८ ने भागले की सव्वापाच येतात, म्हणजे डोळ्यापाशी तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा ठिपका पोहोचतो. खिशात मावणाऱ्या १०×२५ दुर्बिणीत तो अवघा अडीच मिलिमीटरचा असतो, म्हणून अंधूक उजेडात चित्र काळपट दिसते.

दहा पॉवर वाईट, असे माझे म्हणणे नाही. कोपरे बरगड्यांना टेकवून किंवा खाली बसून गुडघ्यांवर ठेवून पाहिल्यास, किंवा झाडाच्या खोडाचा आधार घेतल्यास तीही स्थिर राहते. मात्र नवख्या माणसाने आणि विशेषतः मुलांनी आठपासूनच सुरुवात करावी. चष्मा असणाऱ्यांनी तो न काढता पूर्ण वर्तुळ दिसते का, हे दुकानातच पाहून घ्यावे.

हिप्परग्याच्या पाण्यात दूरवर उभ्या असलेल्या रोहित पक्ष्यांसाठी आठ पॉवर अपुरी पडते, हे मान्य. तेथे तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोपच (एका डोळ्याने पाहायची जास्त पॉवरची मोठी दुर्बीण) हवा, आणि तो प्रत्येकाला परवडणारा नाही. वन विभागाने व शहरातील निसर्गप्रेमी संस्थांनी हंगामात सुटीच्या दिवशी सकाळी तलावाच्या बांधावर असा एक स्कोप सर्वांसाठी लावावा, तसेच शाळांनी एका मोठ्या पॉवरच्या दुर्बिणीऐवजी त्याच पैशांत ८×४२ च्या दोन साध्या दुर्बिणी घेता येतात का ते पाहावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक पक्षीनिरीक्षक, सोलापूर