चकलीला जेवायला शिकवणाऱ्या दादांना

दादा,

सप्रेम नमस्कार. नाव छापू नका, असं तुम्ही बजावलंत म्हणून नुसतं दादा. कोलंबसातली मराठी माणसं ओळखतीलच. तळघरात साप असलेले दादा ओहायोत असे किती असणार?

चकली आमच्याकडे आली ती 2024च्या जुलैतल्या पहिल्या शनिवारी. जेमतेम तीन आठवड्यांचं कॉर्न स्नेकचं पिल्लू, वीतभर लांब, पेन्सिलीहून बारीक, वजन 7 ग्रॅम. वेटोळं घालून बसली की अगदी चकली, म्हणून लेकीने तेच नाव ठेवलं. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "दोनदा जेवलीय." ते खरं होतं की नव्हतं, हे आता त्यालाच ठाऊक. आमच्या घरात तरी तिने महिनाभर तोंड उघडलं नाही.

मी वाळवा तालुक्यातली. शेजारच्या शिराळ्याला नागपंचमीच्या मिरवणुकीत जिवंत नाग बघत लहानाची मोठी झालेली. त्यामुळे सापाची भीती नव्हती, पण अक्कलही नव्हती. आईला फोन केला तर ती म्हणाली, "वाटीत दूध ठेव." साप दूध पीत नाही, एवढं मला माहीत होतं. त्यापलीकडे काही नाही. मग मी तेच केलं, जे लेक दीड वर्षाची असताना केलं होतं. एक घास चिऊचा, एक घास काऊचा करत मागे लागले. दर दुसऱ्या दिवशी चिमट्यात पिंकी धरून तिच्या नाकासमोर नाचवायची. उंदराचं ते बिनकेसांचं पिल्लू बघून ती मान मागे घ्यायची, की मी अजून पुढे. शेवटी तिचं वजन 6 ग्रॅम भरलं. पाठीचा कणा दिसायला लागला.

मंडळाच्या सहलीत कुणीतरी तुमचा नंबर दिला. मी फोनवर रडतच विचारलं होतं, "घशात ढकलू का?" तुम्ही म्हणालात, "ताई, आधी चिमटा खाली ठेवा."

मग तुम्ही घरी आलात आणि आमचं कौतुकाचं मोठं काचघर बघून हसलात. एवढ्याशा जिवाला ते मैदान झालं, तिथे तिला चारही बाजूंनी उघड्यावर बसल्यासारखं वाटणार. तुम्ही तिला बुटांच्या खोक्याएवढ्या डब्यात हलवलंत. खाली टिश्यू पेपर, लपायला दोन जागा, पाण्याची वाटी, एका टोकाखाली हीट मॅट. थर्मोस्टॅट 29 अंशांवर लावलात आणि म्हणालात, अंगात ऊब नसेल तर साप जेवत नाही, जेवला तरी पचत नाही. आणि सात दिवस कुणी हात लावायचा नाही. पाहुण्यांना दाखवायचं नाही. आमची लेक तुमच्यावर किती चिडली होती, ते तुम्हाला कळू दिलं नव्हतं. आज सांगते.

ते सात दिवस मला फार जड गेले. उपाशी लेकराकडे पाठ करून बसायचं, हे काही आपल्या अंगात नाही.

पुढे तुम्ही जे समजावलंत ते मी अजून लोकांना सांगत असते. कॉर्न स्नेक मूळचा इथल्याच आग्नेयेकडच्या राज्यांतला. रानात त्याची पिल्लं बहुतेकदा छोटे सरडे आणि झाडावरचे बेडूक खातात. तेव्हा चकलीला भूक नव्हती असं नाही. उंदीर हे अन्न आहे, हेच तिला पटत नव्हतं. जीभ बाहेर काढून ती जो वास गोळा करत होती, तो तिच्या ओळखीचा नव्हता. हे ऐकल्यावर माझा तिच्यावरचा राग गेला. (हो, राग आला होता. 6 ग्रॅमच्या जिवावर.)

पहिल्यांदा पिंकी साबणाने धुऊन, नीट विसळून दिली. नाही खाल्ली. मग तुम्ही तुमच्याकडच्या हिरव्या अनोल सरड्याची कात पिशवीत घालून आणलीत. ती पाण्यात भिजवून पिंकीला चोळायची, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर पिंकीच्या डोक्याला बारीकशी चीर द्यायची, म्हणजे आतला वास बाहेर येतो.

तो दिवस नेमका 9 ऑगस्ट, नागपंचमी. श्रावण म्हणून घरात अंडंसुद्धा बंद, आणि फ्रीझरमध्ये मटारशेजारी उंदराची पिल्लं. त्यात तुम्ही ब्लेड काढलंत आणि माझा चेहरा बघितलात. नागपंचमीला आम्ही साधी भाजीही चिरत नाही. मी काही बोलले नव्हते. तुम्हीच ब्लेड परत खिशात ठेवलंत. "उद्या करू. एका दिवसाने ती मरत नाही." इतकी वर्षं साप हाताळणाऱ्या माणसाने माझी समजूत वेडगळ ठरवली नाही, दादा. आभाराचं हे पत्र खरं म्हणजे तेवढ्यासाठीच आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही पुन्हा वीस मैल गाडी चालवत आलात. पिंकी गरम पाण्यात ठेवून तान्ह्या बाळाच्या अंघोळीच्या पाण्याइतकी कोमट केलीत, मायक्रोवेव्हला हातही लावू दिला नाहीत. भोकं पाडलेल्या श्रीखंडाच्या डब्यात ती आणि चकली ठेवलीत, वर फडकं टाकलंत, दिवा घालवलात आणि चहा न घेताच निघालात. "उघडून बघायचं नाही" हे दारातून दोनदा.

मी उघडलं नाही. रात्री दोनला उठून फडक्यापर्यंत गेले होते, पण उघडलं नाही.

सकाळी डब्यात फक्त चकली होती, मधोमध एक फुगवटा घेऊन. लेक नाचली. मी तुम्हाला फोन केला तर तुम्ही आनंद वगैरे काही न दाखवता म्हणालात, "आता दोन दिवस हात लावू नका, ओकून टाकेल."

त्यानंतर तीन वेळा कातीचा वास लागला, मग नुसती चीर पुरली, आणि दसऱ्याच्या सुमारास तिने साधी पिंकी चिमट्यातून ओढून घेतली. आता तीच चिमट्याच्या मागे लागते.

तुम्ही गावाकडे सर्पमित्र होतात, घरोघरचे साप धरून रानात सोडायचात, हे मला फार नंतर कळलं. तिकडे साप पाळणं गुन्हा, इकडे दुकानात मिळतो, यावर तुम्ही एकदा सविस्तर बोलणार होतात. ते राहिलंय. जेवायलाच या.

आणि तुमची कातीची पिशवी अजून आमच्या फ्रीझरमध्ये आहे, श्रीखंडाच्या त्याच डब्यात. मार्चमध्ये सासूबाई येणार आहेत. त्याआधी घेऊन जा.

तुमची,
चकलीची आई