कुस्कोहून, आई-आप्पांस

तीर्थरूप आप्पा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोन केला तेव्हा आप्पांना निम्मं ऐकू आलं नाही आणि उरलेल्या निम्म्यात आई रडली, म्हणून कागदावर लिहिते आहे. दादाच्या पोराला मोठ्यानं आणि न गाळता वाचायला सांगा. इथून टाकलं तर कधी पोचेल देव जाणे, पुण्यात उतरले की स्पीड पोस्टानं पाठवीन.

आई, "पेरूला कशाला गेलीस, गंजगोलाईत पेरू मिळंना झालेत का?" हे तुझं वाक्य मी सोबतच्या तिघांना समजावून सांगितलं. मराठी त्यातल्या एकालाच येतं, पण हसले तिघंही.

लिमाचं काम वेळेत संपलं, तिथली कंपनी खूश झाली आणि आम्हा चौघांना तीन दिवस कुस्कोला पाठवलं. स्पॅनिश लोक इथं १५३३ साली शिरले, त्याआधी ही इंका राजांची राजधानी होती. उंची ३,३९९ मीटर. कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी शंभरेक मीटर कमीच पडतात. पहिल्या दिवशी वीस पायऱ्या चढले आणि आषाढीला पंढरपूरला चालत गेल्यागत धाप लागली. पाणी नव्वदच्या आतच उकळतं, त्यामुळे चहा चहासारखा लागत नाही आणि कुकर नसेल तर तुझं वरण इथं दिवसभर शिजत बसेल.

हॉटेल म्हणजे जुनी पाद्री घडवायची शाळा. मधे चौक, भोवती कमानींची ओसरी, चौकात एक म्हातारं झाड. वाडाच म्हणा ना. एका रात्रीचं भाडं विचारू नका, त्यात शेळ्यांची जोडी पिलांसकट येईल. पलंगावर सहा उशा. संध्याकाळी कोणीतरी गुपचूप येऊन पांघरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवून जातं. आणि काही खोल्यांत चक्क ऑक्सिजन सोडतात, म्हणजे हवा विकत! २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा आप्पा म्हणाले होते, "आता वारा तेवढा फुकट राहिला." आप्पा, तोही राहिला नाही. आमच्या खोलीत तो नव्हता, त्याला वेगळे पैसे पडतात. कंपनीची खुशी तेवढी नव्हती.

आता जे फोनवर सांगितलं नाही ते सांगते. पहिल्या रात्री मला जाग आली ती श्वास अडकून. एवढ्या उंचीवर झोपेत श्वास मधेच थांबतो आणि मग एकदम जोरात सुरू होतो, नव्या माणसाला असं होतं म्हणे. पण तेव्हा हे कोणाला ठाऊक? अंधारात डोळे उघडले तर दोन्ही बाजूंना हातभर जाडीच्या दगडी भिंती. घड्याळात पावणेचार. पुढचं मला आठवत नाही. भानावर आले तेव्हा मी चौकातल्या त्या झाडाखाली अनवाणी उभी होते, आणि काखेत एक उशी.

रात्रपाळीचा म्हातारा धावत आला. त्याला वाटलं मला हवा कमी पडली, म्हणून त्यानं आधी नाकाला ऑक्सिजनची नळी लावली, मग कोकाच्या पानांचा चहा आणून दिला. चव वाळक्या गवताच्या काढ्यासारखी. मी त्याला मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं, आमच्याकडं भूकंप झाला होता, मी सात वर्षांची होते. 'तेरेमोतो' हा शब्द मला लिमातच कळला होता. त्यानं मान हलवली, आत जाऊन एक घोंगडी आणली आणि माझ्याशेजारी दगडी कट्ट्यावर बसून राहिला. उजाडेपर्यंत. आई, तू शेडमधून पुनर्वसनाच्या घरात आलीस तरी दोन वर्षं अंगणातच बाज टाकायचीस ना, तसंच.

म्हाताऱ्याच्या गालात सारखं काहीतरी असायचं. कोकाची पानं. सोबत राखेचा एक लहानसा गोळा, त्याचा कण तोडून पानांबरोबर चघळतो. आप्पा, अगदी तुमचा चुना. चंची तेवढी वेगळी, लोकरीची.

दुसऱ्या दिवशी मात्र मी गल्ल्यांतून फिरले, आणि हे सगळं पत्र खरं म्हणजे त्यासाठी आहे.

इथं भिंतीचा खालचा भाग इंकांचा आणि वरचा स्पॅनिश लोकांचा. औंढ्याच्या देवळाचं खालचं काम जुनं आणि वरचं नंतरचं आहे तसंच. औंढ्याला तुम्हीच माझं बोट दोन दगडांच्या सांध्यावरून फिरवून म्हणाला होतात, "बघ, चुना न्हाई." इथंही चुना नाही, चिखल नाही, भरायला कपच्यासुद्धा नाहीत. बराचसा दगड आपल्या काळ्या दगडासारखाच, लाव्ह्यातून झालेला. त्या लोकांकडं लोखंड नव्हतं. टाकी नाही, पोलादी छिन्नी नाही. नदीतले कठीण गोटे घेऊन ठोकून ठोकून दगड घडवायचे. एक दगड तर बारा कोपऱ्यांचा आहे, आणि बाराही कोपऱ्यांना शेजारचे दगड बिनचूक बसलेत. त्याच्यासमोर सगळे फोटो काढत होते. मी शेजारच्या साध्या दगडांकडंच बघत बसले, कारण फोटोचा दगड एकच असतो, पण भिंत उभी राहते ती बाकीच्यांवर. (हे तुमचंच. नव्या पोरांना शिकवताना म्हणायचात.)

आणि भिंत सरळ नाही, आप्पा! तुम्ही ओळंबा सोडला असता तर तिथल्या तिथं पाडायला लावली असती. ती आतल्या बाजूला कललेली आहे, खाली रुंद, वर निमुळती. दारंही तशीच, खाली ऐसपैस आणि वर आवळलेली. १६५० साली इथं मोठा भूकंप झाला, मग १९५० साली. दोन्ही वेळा वरचं स्पॅनिश काम कोसळलं. १९५० ला सूर्याच्या देवळावर बांधलेला मठ ढासळला, तर आतून इंकांच्या भिंती बाहेर आल्या, तशाच्या तशा.

गाइड हे फार रंगवून सांगतो. त्याला मी विचारलं, गरिबांच्या घरांचं काय झालं? तो जरा थांबला. म्हणाला, ती मातीच्या विटांची होती, ती पडली.

तुम्ही १९९३ नंतर दगडाला हात लावला नाहीत. सिमेंटच्या ठोकळ्यांची कामं केलीत, नाहीतर दुसऱ्याच्या शेतावर गेलात. "दगड बेइमान निघाला" म्हणायचात, पण मला वाटतं मनात दगडाचं नाव घेत नव्हता. आजीच्या खोलीची भिंत तुम्ही स्वतः रचली होती, हे घरात कोणी बोलत नाही. मी आज बोलते. इथल्या भिंती राजाच्या आहेत. एका दगडाला महिना लागला तरी विचारणारं कोणी नव्हतं, आणि वर छप्पर गवताचं, हलकं. तुम्हाला मालक म्हणायचा, चिखलातच बांध, दिवाळीच्या आत उरक. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोघांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड कोणी परवडू दिला नाही. त्यावर माळवद, आणि त्यावर दर उन्हाळ्यात पांढऱ्या मातीचा आणखी एक थर. तेवढा भार डोक्यावर घेऊन कुस्कोची भिंतसुद्धा उभी राहिली असती का, मला शंका आहे. हे मला कोणी इंजिनिअरनं आजच सांगितलं असं नाही. नंतर आलेल्या सरकारी माणसांनीही हेच सांगितलं होतं, तुम्ही तेव्हा उठून बाहेर गेला होतात.

आईसाठी दोन गोष्टी. इथल्या मोठ्या चर्चमध्ये 'भूकंपाचा देव' आहे. १६५० ला हादरे बसत होते तेव्हा लोकांनी त्याला बाहेर काढून मिरवलं, आणि अजून दर वर्षी मिरवतात, वरून लाल फुलं उधळतात. मेणबत्त्यांच्या धुरानं काळा पडलाय, अगदी आपल्या विठोबासारखा. लोक त्याला 'तैताचा' म्हणतात, म्हणजे बाप. मी तुझ्या नावानं एक मेणबत्ती लावली, रागावू नकोस. दुसरी गोष्ट वाळवणाची. जून-जुलैत रात्री बटाटे उघड्यावर गोठवतात, दिवसा पायानं तुडवून पाणी काढतात, मग उन्हात वाळवतात. वर्षानुवर्षं टिकतात. रश्श्यात खाल्ले, तुझ्या सांडग्यांच्या पासंगालाही पुरत नाहीत.

बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, जेवणानंतर आठवण होईल म्हणून ठेवायची नाही. आप्पांचं कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये नाही, कानात असायला हवं.

हा कागद हॉटेलचाच आहे, म्हणून एवढा जाड. आज संध्याकाळी लोरेतोच्या गल्लीत कोणी नाही असं बघून मी तो दोन दगडांच्या सांध्यात सारून बघितला. आप्पा, खालचा उजवा कोपरा दुमडलाय बघा. तेवढाच. आत गेला नाही.

तुमची,
बेबी