काका, आता तरी आभार मानू द्या

प्रिय काका,

घरी येऊन आभार मानले असते तर "डिझेल तुमचं, मी नुसता गिअर टाकला" म्हणून तुम्ही चहाचा कप पुढे केला असता. म्हणून हे जाहीर पत्र. सहकारनगरात तुम्हाला सगळे निवृत्त एसटी ड्रायव्हर म्हणून ओळखतात. उरलेली ओळख मी करून देते.

टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन पक्षी बघायला पुण्याहून थेट जैसलमेरला जायचं, हे ऐकून घरच्यांनी आम्हा तिघी मैत्रिणींना वेड्यात काढलं होतं. तुम्ही एकच विचारलंत, "पाण्याची टाकी केवढी?" आणि स्टिअरिंगवर बसलात. बाडमेर मागे पडल्यावर त्या प्रश्नाची किंमत कळली. भांडी आधी कोरड्या वाळूने घासायची, मग ओंजळभर पाण्यात विसळायची, ही तुमचीच शिस्त. काकूंची लसणाची चटणी नसती तर त्या भांड्यांत काही शिजलंही नसतं, ते वेगळं.

सोनार किल्ला, गडीसर तलाव वगैरे सगळेच बघतात. अकलच्या जीवाश्म उद्यानात मात्र 18 कोटी वर्षांपूर्वीचे दगड झालेले बुंधे बघून तुम्ही म्हणालात, "ह्याला वाळवी लागायची नाही." तिथला माहितीफलक मी विसरले, हे वाक्य नाही.

खरे आभार सम ते सुदासरी या रस्त्यासाठी. पायी चालणाऱ्या माणसाला पक्षी बिचकतात, उभ्या गाडीला तितके नाही, हे तुम्ही पहिल्याच सकाळी ताडलंत. सरकत्या दाराचा कर्रकर्र आवाज बंद व्हावा म्हणून त्याच्या पट्टीत काकूंनी दिलेलं खोबरेल ओतलंत. (व्हॅनवाल्याला अजून पत्ता नाही.) मग इंजिन बंद, काच अर्धी खाली, आणि "डावीकडे, खुरट्या झुडपाच्या अलीकडे!" वाळूच्याच रंगाचा धाविक पक्षी आमच्या दुर्बिणींना सापडेना आणि तुम्हाला नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. रस्त्यात आडवी येणारी म्हैस अर्ध्या मैलावरून हेरायची सवय, दुसरं काय!

त्याच रस्त्यावर माळढोक दिसला. आपल्या सोलापूरच्या नान्नजला तो आता दिसला तर नशीब. राजस्थानचा मात्र तो राज्यपक्षी, तिकडचा गोडावण. मोकळ्या रानात उरलेत ते दीडशेच्या आतबाहेर. पुढच्या जीपवाल्याने फोटोसाठी गाडी सरळ गवतात घातली. आमचीही चुळबुळ सुरू झाली, पण तुम्ही किल्ली काढून खिशात टाकलीत. "त्याचं घर आहे ते." जीप गेली, आणि बऱ्याच वेळाने तो मान ताठ ठेवून, एकेक पाऊल मोजत पुन्हा उघड्यावर आला. पलीकडे विजेच्या तारा होत्या. माळढोकाला नाकासमोरचं नीट दिसत नाही, अंग जड म्हणून ऐनवेळी वळताही येत नाही, आणि तारांना धडकून तो मरतो, हे मी सांगितल्यावर तुम्ही जेवेपर्यंत बोलला नाहीत.

फलोदीजवळच्या खीचनला तुमची कळी खुलली. गावकरी चुग्गाघरात, म्हणजे पक्ष्यांना दाणे घालायच्या आवारात, ज्वारी टाकतात आणि हिवाळ्यात हजारो कांड्या करकोचे, म्हणजे तिथल्या कुरजां, ती टिपायला उतरतात. 2025 मध्ये तिथल्या पाणथळीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जाही मिळाला. तुमचा प्रश्न वेगळाच: "मंगोलियाकडून ज्वारीच खायला यायचं, तर मंगळवेढा काय वाईट आहे?"

काका, ते उजनीवरही येतात, थोडे का होईना. येत्या थंडीत भिगवणला जाऊ. आमची जादा दुर्बीण तुमच्याकडेच ठेवा, परत आणलीत तर घेणार नाही. आणि गाडी या वेळी मी चालवणार. तुम्ही खिडकीशी बसायचं, क्लचबद्दल एक शब्द बोलायचा नाही.

तुमची,
वरच्या मजल्यावरची