प्रेमकथेतलं बोलणं मागच्या ओळीपर्यंत पोहोचू द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हिंदी प्रेमपट आणि खेड्यातला प्रेक्षक असा विषय निघाला की शहरातलं लेखन ठरलेल्या वळणानं जातं. बिचाऱ्यांना स्वित्झर्लंड बघायला मिळतं, दोन घटका कापसाच्या भावाचा विसर पडतो, गाण्यांवर शिट्ट्या वाजतात, वगैरे. हिवाळ्यात गावोगाव कापडी पडदा लावून सिनेमा दाखवणाऱ्या आम्हा मंडळींना हे पटत नाही. बर्फाचे डोंगर दिसतात तेव्हाच लोक पाणी प्यायला, तंबाखू मळायला उठतात. पडद्यावर बाप आणि पोरगी समोरासमोर आली की उठलेला माणूस आहे तिथंच उभा राहतो.

‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’चा शेवट घ्या. गाडी सुटलेली, राज दारात, आणि सिमरनचं मनगट तिच्या बापाच्या, बलदेव सिंगच्या मुठीत. (गोष्टीत हे स्टेशन पंजाबातलं, चित्रीकरण झालं आपल्या रायगड जिल्ह्यातल्या आपटा स्टेशनावर.) तरणी पोरं राजकडे बघतात. लेकी लग्नाला आलेल्या बाया-माणसांची नजर मात्र त्या मुठीवर असते, आणि अंधारातून हमखास आवाज येतो, ‘सोड नं बावा हात पोरीचा!’ त्याच्या आधी सिमरनची आई दागिने हातात देऊन दोघांना पळून जा म्हणते आणि राज नकार देतो, तो प्रसंग तर दुसऱ्या दिवशी वेचणीच्या तासात पुन्हा निघतो. एकीच्या मते पोराचं बरोबर होतं. दुसरी म्हणते, आईनं एवढं काळीज केलं तर जायला पाहिजे होतं. करवा चौथ इथं कुणी करत नाही, पण सिमरन चक्कर आल्याचं सोंग करून होणाऱ्या नवऱ्याऐवजी राजच्या हातून पाणी पिते, हे वटसावित्री धरणाऱ्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

‘विवाह’ (२००६) आमच्याकडे सगळ्यात जास्त मागितला जातो. शहरी मित्रांना याचं नवल वाटतं. त्यात विशेष काय, तर पाहायला येणं, साक्षगंध आणि लग्न यांच्यामधले महिने. दोन अनोळखी माणसं हळूहळू एकमेकांना बोलायला शिकतात, एवढंच. शिवाय ती काकू. आपली पोरगी सावळी आणि पुतणी गोरी म्हणून आतल्या आत जळणारी काकू प्रत्येक गल्लीत असते, आणि तिच्यावर चिडता चिडता बाया तिची बाजूही घेतात. ‘कयामत से कयामत तक’ लावला तर रात्र वेगळी जाते. घर सोडून गेलेली जोडी त्यात वाचत नाही, आणि पाटी पडल्यावर कुणी लगेच उठत नाही. तो आला २९ एप्रिल १९८८ ला. मराठीतला ‘सैराट’ आला २९ एप्रिल २०१६ ला. तारीख योगायोगानं जुळली असेल, पण अठ्ठावीस वर्षांनीही गोष्ट तिथंच थांबते, हे बापमंडळींच्या गप्प बसण्यातून कळतं.

हे सगळं बोलण्यातून होतं, आणि गावातल्या खेळात नेमकं बोलणंच ऐकू येत नाही. या पत्राचं कारण तेच. गणेश मंडळं, युवक मंडळं, ग्रामपंचायती हौसेनं पडदा लावतात, पैसे पडद्याच्या आकारावर घालवतात आणि आवाज वरातीच्या डीजेवाल्याकडे सोपवतात. त्याची पेटी छातीत धडधड व्हावी म्हणून बनलेली असते. बेस पूर्ण चढवलेला, वर पत्र्याचे भोंगे. त्यावर गाणं दणक्यात वाजतं आणि हळू आवाजातलं वाक्य चिखलात रुतल्यासारखं होतं. सिनेमासाठी १०० ते १५० वॉटच्या दोन साध्या पेट्या पुरतात. तीनशे माणसांना त्याहून जास्त लागत नाही. पेट्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना, स्टँडवर सहा-सात फूट उंच, तोंड किंचित खाली, मधल्या ओळींकडे. समोर शाळेची लांब भिंत असेल तर आवाज तिच्यावर आपटून परत येतो आणि प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. मग पडदा फिरवून बसवा, भिंत फिरणार नाही. मिक्सरवर बेस निम्म्यावर आणा आणि मिड, म्हणजे मधल्या पट्टीचा आवाज, थोडा चढवा. माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं तिथं असतात.

दोन चुका तर इतक्या ठिकाणी दिसतात की त्या सविस्तर सांगितल्याच पाहिजेत. पहिली ५.१ आवाजाची, म्हणजे सहा वाहिन्यांत (चॅनेलांत) वाटलेल्या आवाजाची. चित्रपटाच्या अशा प्रतीत संवाद मधल्या वेगळ्या वाहिनीवर असतात, संगीत बाजूच्या वाहिन्यांवर. लॅपटॉपला दोनच पेट्या जोडल्या आणि प्लेअरनं मधली वाहिनी नीट मिसळली नाही, तर गाणी कानठळ्या बसवतात आणि नायिका तोंड हलवताना दिसते. प्लेअरच्या ऑडिओ मेनूत जाऊन स्टीरिओ ट्रॅक निवडा. तो नसेल तर आउटपुट स्टीरिओ करा.

दुसरी चूक वायरची. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून निघालेली स्टीरिओ वायर माइकच्या तीन पिनांच्या सॉकेटात घुसवली की एक बाजू उलटी होऊन दुसरीत मिसळते. दोन्हीकडे जे सारखं असतं ते एकमेकांना खाऊन टाकतं. संवाद दोन्हीकडे सारखेच असतात, म्हणून तेच नाहीसे होतात आणि मागे पोकळ संगीत उरतं. डीजेवाला म्हणतो, प्रत खराब आहे. प्रत चांगली असते. एका टोकाला ३.५ मिमीची पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या पिना असलेली वायर घ्या, मिक्सरच्या दोन लाइन इनपुटात एकेक लावा. ब्लूटूथवर सिनेमा दाखवू नका. आवाज ओठांच्या मागं राहतो, आणि प्रेमाच्या प्रसंगात तर ते हास्यास्पद दिसतं.

आवाजाची चाचणी सगळे गाण्यावर घेतात. ती हळू बोलण्याच्या प्रसंगावर घ्या, शेवटच्या ओळीत मांडी घालून बसून, आणि तेही सायंकाळी ढोरं परतत असताना. तेव्हा ऐकू आलं तर रात्री येईलच.

पडद्याबद्दल थोडक्यात. बारा फूट रुंद, पावणेसात फूट उंच मांजरपाट आणि पाठीमागे काळं कापड पुरे. पाठ उघडी राहिली तर उजेड आरपार जातो आणि चित्र फिकं पडतं. चारी बाजूंनी फूट-फूट अंतरावर सुतळीनं बल्ल्यांना ताणा. खालची कड जमिनीपासून चार फूट वर हवी, नाहीतर पुढच्यांची डोकी चित्रात येतात. या मापाला काळोखात ३००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर चालतो. वीस फुटी पडद्याचा मोह झाला तर क्षेत्रफळ जवळपास पावणेतीन पट होतं आणि तोच उजेड पातळ पसरतो. रात्रीचे प्रसंग, म्हणजे प्रेमपटातले निम्मे, काळपट दिसतात. बहुतेक प्रोजेक्टरना रुंदीच्या दीडपट अंतर लागतं, म्हणजे अठरा फूट. तो प्रेक्षकांच्या मधोमध येतो. म्हणून टेबल उंच घ्या. खाली ठेवून तोंड वर केलं तर चित्र वर रुंद आणि खाली निमुळतं होतं. लांबट चित्राच्या सिनेमात वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, त्या राहू द्या. त्या घालवायला चित्र ताणलं की नायक-नायिका दोघंही उपाशी दिसायला लागतात. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर ठेवा. दिव्याच्या प्रोजेक्टरची वीज अचानक गेली की आतला पंखा थांबतो, दिवा तापलेलाच राहतो, आणि असं चार-पाच वेळा झालं की दिवा जातो.

वेळेचं गणित कच्चं असतं, आणि प्रेमपट लांबीला कमी नाहीत. ‘दिलवाले’ १८९ मिनिटांचा आहे. रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावता येत नाही. साडेसहाला सुरू करून पंधरा मिनिटांचं मध्यंतर धरलं तर दहाला सहा मिनिटं कमी असताना संपतो. सात वाजता सुरू केला तर गाडी सुटायच्या आधीच पोलीस पाटलांना उठावं लागेल. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो म्हणून हे जमतं. मे महिन्यात जमत नाही. पावसाळ्यात तर किडे झोतावर येतात आणि प्रत्येकाची सावली पडद्यावर पाखराएवढी दिसते. हिवाळ्यातल्या अडचणी दोन, दव आणि शेकोटी. दवानं कापड सैल पडतं, मध्यंतरात सुतळी पुन्हा ओढा. शेकोटी वाऱ्याच्या खालच्या बाजूला लावा, धूर झोतात आला की चेहरे पुसले जातात.

तारीख ठरवण्याआधी शेतीपंपाच्या विजेचं वेळापत्रक बघा. रात्रपाळीच्या आठवड्यात माणसं ओलिताला गेलेली असतात, गहू-हरभरा सिनेमासाठी थांबत नाही. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात असाल तर त्या रात्री आसपास नाटक नाही ना, हेही विचारा. तिथला प्रेक्षक दहाला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत बघणारा आहे. पात्राच्या मागं रात्रभर जायची सवय त्याला सिनेमानं लावलेली नाही. सामना लावू नका, हराल.

गाणी पुढं ढकलून वेळ वाचवायचा प्रकार बंद करा. प्रेमकथेत ओळख वाढते ती गाण्यातच. गाणं कापलं की पुढच्या प्रसंगात ही दोघं एवढी जवळ कशी आली ते कळत नाही. ‘वन्स मोअर’ची मागणी आली तर सिनेमा संपल्यावर बघू म्हणा. मध्यंतराची जागा आधी बघून मिनिट लिहून ठेवा. चहा उकळला म्हणून भर प्रसंगात थांबवणारे आयोजक आहेत.

बायांना बाजूच्या पट्ट्यात बसवायची पद्धत आहे. तिथून चित्र तिरपं दिसतं आणि कानाजवळची एकच पेटी ऐकू येते. मधला पट्टा त्यांना द्या. जायच्या वाटेवर एक मंद दिवा राहू द्या. मागच्या अंधारातून टोळक्याची शेरेबाजी सुरू झाली की मुली पुढच्या खेळाला येत नाहीत, आणि प्रेमकथेत शेरेबाजीला निमित्त लागत नाही. भाषण करून ती थांबत नाही. आयोजकांपैकी दोघांनी मागे, त्या पोरांच्या मधोमध बसलं की थांबते.

परवानगीबद्दलही लिहायला हवं. मोबाइलवरच्या वर्गणीत घरी बघायचा हक्क मिळतो, चौकात दाखवायचा नाही. तिकीट नसलं तरी हक्कधारकाची लेखी परवानगी लागते, आणि लाउडस्पीकरची पोलीस ठाण्यातून वेगळी. जुन्या चित्रपटांसाठी निर्मिती संस्थेला महिनाभर आधी पत्र लिहिलेलं बरं. उत्तर यायला वेळ लागतो.

आता आपल्या वृत्तपत्राला विनंती. सिनेमाच्या व्यापारात आपला भाग अजून ‘सीपी बेरार’ (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) या जुन्या नावानं मोजला जातो, पण परीक्षणं वाचताना हा प्रेक्षक कुणाच्या डोळ्यांसमोर असल्याचं जाणवत नाही. नव्या प्रेमपटाला किती तारे दिले हे छापाच. त्याबरोबर एका ओळीत लांबी मिनिटांत द्या, मध्यंतर कुठं येतं ते द्या, आणि निम्मे संवाद इंग्रजीत आहेत का तेही सांगा. हल्लीच्या बऱ्याच चित्रपटांत नायक-नायिका भांडतात हिंदीत आणि समेट करतात इंग्रजीत, त्यामुळे आमच्या शेवटच्या ओळीला भांडण तेवढं कळतं. आजी आणि नात शेजारी बसून बघू शकतील का, हेही चार शब्दांत लिहिता येईल. पुरवणीतलं ते कात्रण आम्ही जपून ठेवू, कारण दिवाळीनंतर गावं विचारायला लागतात की यंदा कोणता लावायचा.

आपले,
हिवाळ्यात गावोगाव पडदा लावणारे काही जण,
दारव्हा तालुका, जि. यवतमाळ