रस्ता अमरावतीचा, गाव नागपूर: बँकेच्या नव्या रकान्यांची तयारी आताच हवी

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी बावीस वर्षांपासून हिशेब सांभाळते. आम्ही पंपांचे सुटे भाग बनवतो. थोडा माल दुबईला जातो, बेअरिंग जर्मनीहून येतात. मोठे निर्यातदार आम्ही नाही, पण महिन्याला दोन-चार व्यवहार परदेशाशी होतातच.

गेल्या डिसेंबरात दुबईच्या ग्राहकाने पैसे पाठवले आणि ते नऊ दिवस आमच्या खात्यात आलेच नाहीत. पहिले चार दिवस बँकेच्या काउंटरवर एकच उत्तर मिळत होते, ‘वरून थांबलंय.’ पाचव्या दिवशी परकीय चलन विभागातल्या एका अधिकाऱ्याने मनापासून शोध घेतला, तेव्हा कारण कळले. आमच्या नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता ‘अमरावती रोड, वाडी, नागपूर’ असा आहे. मधल्या परदेशी बँकेने विचारले होते, पैसे घेणाऱ्याचे गाव कोणते? अमरावती, वाडी की नागपूर? उत्तर एका ओळीचे होते, पण प्रश्न आमच्यापर्यंत पोहोचायलाच इतके दिवस गेले आणि त्या आठवड्यात आमची कच्च्या मालाची उचल थांबली.

आमच्याकडचा तरुण सहायक ते ऐकून म्हणाला, ‘ताई, आपल्या नागपुरात तर प्रत्येक रस्त्याला दुसऱ्याच गावाचं नाव राहते!’ खरेच आहे. वर्धा रोड, काटोल रोड, कामठी रोड, उमरेड रोड, भंडारा रोड. आपल्याला ते कळते. जर्मनीतल्या किंवा न्यूयॉर्कमधल्या बँकेच्या संगणकाला ते कळण्याचे काही कारण नाही.

हा विषय एका कारखान्यापुरता नाही, म्हणून हे पत्र. बँका एकमेकींना पैशांबद्दल जे संदेश पाठवतात, त्यांची भाषाच बदलली आहे. बेल्जियममध्ये १९७३ साली स्थापन झालेल्या स्विफ्ट या संस्थेच्या जाळ्यावर दोनशेहून अधिक देशांतल्या अकरा हजारांहून जास्त संस्था आहेत. आपण व्यापारी ज्याला ‘स्विफ्ट कॉपी’ म्हणतो, तो बहुधा एमटी-१०३ नावाचा जुना संदेश. त्यात पैसे घेणाऱ्याचे नाव आणि पत्ता मिळून चार ओळी, प्रत्येक ओळीत ३५ अक्षरे. आपल्याकडच्या ‘इंजिनिअरिंग वर्क्स अँड फॅब्रिकेटर्स प्रायव्हेट लिमिटेड’ छापाच्या नावांनी पहिली ओळ भरून दुसरीतही पाय पसरायचे, आणि पत्ता उरलेल्या जागेत कसाबसा कोंबला जायचा. पिन कोड तुटायचा, गाव कधी रस्त्याच्या आधी यायचे तर कधी नंतर. पलीकडे माणूस वाचत होता तोवर हे चालून गेले.

आता आयएसओ २००२२ हे मानक आले आहे. त्यात रस्ता, इमारत, पिन कोड, गाव आणि देश यांना स्वतंत्र रकाने आहेत. मार्च २०२३ पासून जुने आणि नवे संदेश शेजारी शेजारी चालू होते. बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय पेमेंटच्या सूचनांसाठी ती मुदत २२ नोव्हेंबर २०२५ ला संपली. पत्त्यांना मात्र अजून थोडी सवलत आहे. येत्या नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर २०२६ पर्यंतच, पत्ता मोकळ्या ओळींत लिहिलेला चालेल. त्यानंतर किमान गावाचे नाव आणि देशाचा दोन अक्षरी संकेत आपापल्या रकान्यात हवाच. बाकीचा पत्ता ७० अक्षरांच्या दोन ओळींपर्यंत मोकळा लिहिता येईल, पण रकान्यात दिलेले गाव त्या ओळींत पुन्हा लिहायचे नाही.

काही जण म्हणतात, हे बँकांचे काम, त्यांच्या संगणकवाल्यांनी बघावे. मला ते पटत नाही. देशातल्या देशात मोठ्या रकमा पाठवणारी आपली आरटीजीएस यंत्रणा ऑक्टोबर २०१३ पासून याच मानकावर चालते आणि आपल्याला त्याची चाहूलही लागली नाही, हे खरे आहे. पण इथे अडचण यंत्रणेची नसून मजकुराची आहे. ‘शहीद चौकाजवळ, इतवारी’ यातला रस्ता कोणता, वस्ती कोणती आणि गाव कोणते, हे मुंबईच्या सर्व्हर रूममध्ये बसलेला माणूस कसे ठरवणार? खसरा नंबर, लेआऊट, अमक्या शाळेच्या मागे, तमक्या मंगल कार्यालयासमोर, असे आपले पत्ते. ते सोडवून रकान्यांत बसवणे ज्याला गाव माहीत आहे त्यालाच जमेल.

आमचेच उदाहरण देते. कारखान्याचे गाव एका कागदावर ‘नागपूर’ आहे, दुसऱ्यावर ‘हिंगणा’ आणि तिसऱ्यावर ‘वानाडोंगरी’. तिन्ही आपापल्या परीने बरोबर, पण संगणकाच्या दृष्टीने ते तीन वेगळे पक्षकार. इंग्रजी स्पेलिंगचा घोळ आणखी निराळा. हिंगण्याच्या मधे कोणी एक ‘ए’ जास्त घालतो, कोणी घालत नाही. या विसंगतीचा त्रास कुठे होतो, तर निर्बंध घातलेल्या व्यक्ती आणि देशांच्या याद्यांशी प्रत्येक पेमेंट ताडून पाहिले जाते तिथे. मोकळ्या ओळीतला एखादा शब्द रस्त्याचे नाव आहे की शहराचे, हे कळले नाही की पैसे बाजूला काढून ठेवले जातात आणि माणसाची वाट बघत पडून राहतात. नीट रकाने भरले तर हा निष्कारण खोळंबा कमी होईल, म्हणून मी या बदलाच्या बाजूची आहे.

डिसेंबरच्या त्या प्रकरणानंतर मी आमची सगळी यादी काढून बसले. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या लेजरमध्ये, म्हणजे खातेवहीत, आम्ही पत्ते वर्षानुवर्षे ओळींनी टाकत आलो, गाव वेगळे नोंदवण्याची शिस्त कधी लावली नाही. सुरुवात कुठून करावी कळेना. मग लक्षात आले की जीएसटी नोंदणीच्या प्रमाणपत्रावर इमारत, रस्ता, वस्ती, गाव, जिल्हा आणि पिन हे सगळे आपण आधीच वेगवेगळे भरून दिलेले आहे. तेच प्रमाण धरले आणि आयात-निर्यात कोडवरचा, बँकेतला आणि इनव्हॉइसवरचा पत्ता त्याच्याशी अक्षरन् अक्षर जुळवून घेतला. बँकेतला पत्ता जुळणे विशेष महत्त्वाचे, कारण आपण परदेशी पैसे पाठवतो तेव्हा पाठवणाऱ्याचा पत्ता बँक स्वतःच्या केवायसी नोंदीतूनच उचलते. आणि पैसे येतात तेव्हा समोरचा ग्राहक आपल्या इनव्हॉइसवर बघून पत्ता भरतो. तिथे ‘अमरावती रोड’ आणि ‘नागपूर’ एकाच ओळीत असतील तर चूक त्याची कशी म्हणायची? आम्ही आता इनव्हॉइसवर ‘गाव: नागपूर’, ‘देश: भारत’ असे वेगळ्या ओळींत छापतो.

अडकलेल्या पैशांबाबत एक गोष्ट मला फार उशिरा समजली, ती इथे सांगते. प्रत्येक आंतरराष्ट्रीय पेमेंटला यूईटीआर नावाचा ३६ चिन्हांचा क्रमांक असतो आणि तो शेवटपर्यंत बदलत नाही. पाठवणाऱ्याकडून तो मागून घेऊन आपल्या बँकेला दिला, तर पैसे नेमके कोणत्या बँकेत थांबलेत याचा माग काढता येतो. डिसेंबरात मला हे माहीत असते तर पहिले चार दिवस वाया गेले नसते.

आणि एक कळकळीची सूचना. या गडबडीचा फायदा घेणारे येतीलच. ‘नवीन नियमामुळे आमचा खाते क्रमांक बदलला आहे, यापुढे पैसे इथे पाठवा’ असा ईमेल पुरवठादाराच्या नावाने आला तर त्यावर विसंबू नका. या बदलात पत्त्याचे रकाने बदलत आहेत. त्यासाठी कोणालाही खाते क्रमांक किंवा आयबॅन (परदेशात वापरला जाणारा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) बदलावा लागत नाही. जुन्या, ओळखीच्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

शहरातल्या बँकांच्या परकीय चलन शाखांना माझी विनंती आहे की परदेशी पेमेंटच्या अर्जावर गाव आणि देश यांचे वेगळे रकाने आजच छापा, नोव्हेंबरची वाट पाहू नका. पेमेंट थांबले तर कोणत्या रकान्यामुळे थांबले ते ग्राहकाला त्याच दिवशी सांगा, मराठीत किंवा हिंदीत, साध्या शब्दांत. ‘वरून थांबलंय’ हे उत्तर आम्हाला कुठेच नेत नाही. व्यापारी आणि उद्योजकांच्या संघटनांनी हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर आणि इतवारी इथे एकेक संध्याकाळ ठेवावी. पण भाषण मालकांसमोर नको, हिशेबनिसांसमोर हवे. त्यांना आपापली यादी घेऊन बोलवा आणि तिथेच दहा-दहा पत्ते भरून घ्या. मी स्वतः शिकवायला यायला तयार आहे.

आमच्या यादीतले एकोणीस पत्ते अजून बाकी आहेत. त्यातल्या जर्मनीच्या तीन पुरवठादारांना मी काल ईमेल केला, तुमच्या गावाचे नाव आणि पिन वेगळे लिहून पाठवा म्हणून. एकाचे उत्तर तासाभरात आले, आणि त्याने आमचाही पत्ता तसाच रकान्यांत मागितला आहे.

आपली,
एक हिशेबनीस वाचक,
त्रिमूर्तीनगर, नागपूर