आधी खोका मोज, मग दुकान निवड

सातारा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

बिडाची भांडी ऑनलाइन विकायची म्हणून दुकानाच्या साइटसाठी तू पाठवलेली तिन्ही कोटेशनं नीट वाचली. एकाने वूकॉमर्स सुचवलंय, दुसऱ्याने शॉपिफाय, तिसऱ्याने थेट मॅजेन्टो; तिन्ही ऑनलाइन दुकान चालवायचे प्लॅटफॉर्म. होमपेजवर किती बॅनर फिरतील हे तिघांनी लिहिलंय, पण तुझ्या १० इंची कढईचं वजन किती आणि खोका केवढा, हे एकानेही विचारलेलं नाही. बिडाची भांडी विकायची तर पहिला प्रश्न हाच. कुपवाडच्या शेडमधून निघालेली कढई नागपूरच्या स्वयंपाकघरात धड पोचेपर्यंत जे जे आकडे भरावे लागतात, ते ज्या प्लॅटफॉर्मवर तुझ्या ऑफिसातल्या दोघांना स्वतः भरता येतील, तोच तुझ्या कामाचा.

मॅजेन्टो आत्ताच बाजूला ठेव. हजारो वस्तू, तीन-चार गोदामं आणि पगारी डेव्हलपर असणाऱ्यांचं ते काम. तुझ्या वस्तू मोजून चौदा.

आता वजनाचं. कुरिअरवाला दोन वजनं बघतो, काट्यावरचं आणि आकारमानाचं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. येईल ते किलोत आकारमानाचं वजन. रस्त्याने जाणाऱ्या मालाला काही कंपन्या ४५०० किंवा ४००० ने भागतात, म्हणून दरपत्रकात हा आकडा आधी शोध. दोन्हीतलं जास्त असेल ते बिलाला लागतं. समज, कढई २ किलो ६०० ग्रॅम आणि पॅकिंग ४०० ग्रॅम, म्हणजे काट्यावर ३ किलो. खोका ३४ × ३० × १४ चा असेल तर गुणाकार १४,२८०. ५००० ने भागलं की २.८६, म्हणून बिल काट्याचं, ३ किलोचं. ४००० ने भागलं की ३.५७, आणि अर्ध्या किलोचे टप्पे असले तर बिल सरळ ४ किलोचं. तोच खोका १४ ऐवजी १२ सेंटिमीटर उंच केलास तर ३.०६ येतं, म्हणजे साडेतीनचा टप्पा. दोन सेंटिमीटर पुठ्ठ्यावर दर पार्सलला अर्धा किलो भाडं वाचतं. म्हणून आधी चौदाही वस्तूंचे खोके ठरव. शक्यतो तीन मापांत बसव.

शॉपिफायमध्ये वस्तूच्या पानावर वजनाचा रकाना आहे आणि वजनाच्या टप्प्यांनुसार भाडं लावायची सोय मुळातच आहे, पण ती आकारमान हिशेबात घेत नाही. त्यामुळे त्या रकान्यात काट्याचं नव्हे, बिलाला लागणारं वजन भर. कुरिअरवाला ४००० ने भागत असेल तर वरच्या कढईला ३ नव्हे, ४ किलो. वूकॉमर्समध्ये मुळात ठरावीक दर, मोफत आणि स्वतः येऊन नेणे एवढेच प्रकार मिळतात; वजनाचे टप्पे हवे असतील तर वेगळं प्लगिन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, घ्यावं लागतं. शिवाय तिथे एकक किलो असताना कुणी ग्रॅमच्या हिशेबाने ३००० लिहिलं, तर ग्राहकाला तीन टनांचं भाडं दिसतं किंवा ‘या पत्त्यावर पाठवता येत नाही’ असा संदेश येतो. तो बिचारा फोन न करता निघून जातो.

पॅकिंगचं थोडं सविस्तर सांगतो. बीड कठीण असतं तितकंच ठिसूळ. कढई कानाच्या मुळाशी आणि काठाला तडकते, आणि तडकते ती खोक्यात हलल्यामुळे. पाच पदरी खोका घे. तळाला पन्हाळी पुठ्ठ्याचे दोन थर, दोन्ही कानांना पुठ्ठ्याच्या टोप्या, पोटात घट्ट कोंबलेला कागद. बंद खोका कानाजवळ धरून हलव. आतून आवाज आला तर पॅकिंग झालेलं नाही. मग कमरेच्या उंचीवरून सहाही बाजूंवर आणि एका कोपऱ्यावर टाकून बघ. सीझनिंगचं, म्हणजे भांडं तयार करताना लावतात ते, तेल पुरतं भाजलेलं हवं. ओशट राहिलं तर पुठ्ठा तेल पितो, खोका मऊ पडतो, लेबल सुटतं आणि पार्सल हबवर, म्हणजे कुरिअरच्या मधल्या केंद्रावर, बेवारस होतं. पाठवताना काट्यावर ठेवलेल्या खोक्याचा, टेप लावून आणि लेबल दिसेल असा फोटो काढायला पोराला सांग. हबवर मशीन पुन्हा मोजतं, फरक आला की पैसे परस्पर कापले जातात, आणि तक्रार करायची मुदत थोडीच असते. त्या वेळी हाच फोटो पुरावा.

आता शॉपिफाय की वूकॉमर्स. वूकॉमर्स वर्डप्रेसच्या साइटवर चालतं, फुकट आहे आणि सगळा डेटा तुझ्याच सर्व्हरवर राहतो, हे खरं. पण वर्डप्रेस, थीम, दहा-बारा प्लगिनं, सगळ्यांची अपडेटं येत राहतात. अपडेट केलं नाही तर चोराला शिरायला भोक राहतं, डोळे मिटून केलं तर चेकआउट, म्हणजे पैसे भरायचं पान, मोडतं. रोजचा बॅकअप लागतो, आणि तो परत चढवून बघितलेला असावा लागतो. पान लवकर उघडावं म्हणून कॅशिंग लावतात, म्हणजे तयार पानाची प्रत सगळ्यांना दाखवतात; त्यात कार्ट, चेकआउट आणि ‘माझं खातं’ ही पानं वगळायला विसरलं तर एकाची टोपली दुसऱ्याला दिसू शकते. हे सगळं बघणारा माणूस तुझ्याकडे नाही. धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात, भांड्यांची खरेदी जोरात असताना, स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग (अनेक साइटना मिळून भाड्याने दिलेला सर्व्हर) बंद पडलं तर तू भट्टीजवळ असशील आणि डेव्हलपरचा फोन लागणार नाही.

शॉपिफाय महिन्याच्या भाड्यावर मिळतं, सर्व्हर आणि त्याची अपडेटं तेच बघतात. त्याची खोट पैशात आहे. त्यांचं स्वतःचं पेमेंट भारतात चालत नाही, त्यामुळे रेझरपे, कॅशफ्री, पेयू यांच्यापैकी एखादं गेटवे, म्हणजे ग्राहकाचे ऑनलाइन पैसे घेऊन तुझ्यापर्यंत पोचवणारी सेवा, जोडावंच लागतं, आणि त्याबद्दल बेसिक प्लॅनवर शॉपिफाय २ टक्के वेगळे घेतं. गेटवेचे साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २.३६. दीड हजाराच्या कढईवर शॉपिफायचे ३० आणि गेटवेचे ३५ रुपये ४० पैसे, एकूण ६५ रुपये ४० पैसे. महिन्याचं भाडं वेगळं. हे किमतीत आधीच धर. महिन्याला एक लाखाची आगाऊ पैशांची विक्री असेल तर त्या २ टक्क्यांचे दोन हजार होतात, आणि दोन हजारांत वूकॉमर्स सांभाळणारा भरवशाचा माणूस मिळत नाही. विक्री पाच लाखांवर गेली की तेच दहा हजार होतात. तेव्हा वरचा प्लॅन, जिथे हा दर कमी आहे, किंवा वूकॉमर्स, याचा हिशेब पुन्हा मांड.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पहिलं वर्ष शॉपिफाय बेसिक. पहिले तीन महिने दरमहा पैसे भर, वर्षाचे एकदम भरू नकोस. थीम फुकटातली घे. दिसण्यावर खर्च करायचा तर तो फोटोंवर कर: काठाची जाडी दिसेल असा एक, हातात धरलेला एक, गॅसवर ठेवलेला एक. शॉपिफायला जोडायची अॅपं घेताना हात आखडता ठेव, कारण बहुतेकांचं महिन्याचं भाडं असतं आणि चार अॅपं मिळून मूळ प्लॅनच्या वर जातात.

मोठ्या बाजारपेठांच्या साइटवरही दोन-तीन तवे ठेवायला हरकत नाही. तिथे कमिशन जातं, ०.५ टक्का टीसीएस (साइटने विक्रीवर आधीच कापायचा कर) कापला जातो, तो जीएसटीत परत मिळतो, पण ग्राहक तुझा होत नाही.

पेमेंटमध्ये एक जागा फार फसवी आहे. ग्राहक यूपीआय अॅपमध्ये जातो, पिन टाकतो, पैसे जातात, आणि तो ब्राउझरमध्ये परतच येत नाही. दुकानाला पैसे आल्याचं कळत नाही, ऑर्डर अर्धवट राहते. वूकॉमर्समध्ये साठ्याचा हिशेब चालू असेल तर न भरलेली ऑर्डर मूळ सेटिंगप्रमाणे ६० मिनिटांनी रद्दच होते. यावर इलाज वेबहुकचा: गेटवे दुकानाच्या सर्व्हरला परस्पर निरोप देतं. तो चालू आहे का, हे डेव्हलपरकडून समोर करून घे. यूपीआयने पैसे भर, लगेच ब्राउझर बंद कर, आणि पाच मिनिटांनी ऑर्डर ‘पेड’ दिसते का बघ.

कॅश ऑन डिलिव्हरी सुरुवातीला बंद ठेव. तीन-चार किलोचं पार्सल नाकारलं गेलं तर जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही भाडी तुझ्या गळ्यात, शिवाय दोन वेळा आदळलेली कढई. पुढे सुरू केलीस तर दोनशे रुपये आगाऊ घेऊन कर. सांगली-मिरजेच्या लोकांसाठी शेडवरून घेऊन जायची सोय मात्र पहिल्या दिवसापासून ठेव.

जीएसटीचं तुझ्या अकाउंटंटला दाखव. भांड्यांचा एचएसएन, म्हणजे करासाठीचा वस्तूचा क्रमांक, ७३२३. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांचा दर १२ वरून ५ टक्के झाला. तुझ्या भट्टीतल्या पंपांच्या कास्टिंगचा (ओतीव भागांचा) दर इथे चुकूनही लावू नका. किमती करासह दाखवा. महाराष्ट्रात माल गेला तर सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा अर्धा-अर्धा कर), राज्याबाहेर, अगदी बेळगावला गेला तरी आयजीएसटी. वस्तूबरोबर घेतलेल्या भाड्यालाही वस्तूचाच दर लागतो. आणि बिल क्रमांक म्हणजे ऑर्डर क्रमांक नव्हे. बिलाची मालिका आर्थिक वर्षात सलग लागते, क्रमांक १६ अक्षरांच्या आत. वूकॉमर्सचे ऑर्डर क्रमांक तर पानं आणि फोटोंच्याच मालिकेतून येतात, त्यामुळे मधले आकडे सुटतात. बिलाची मालिका वेगळी ठेवा आणि टॅलीत तीच चढवा.

सगळ्यात जपायच्या गोष्टी तीन: डोमेन (साइटचं नाव), गेटवेचं खातं आणि दुकानाचं मालकी खातं. तिन्ही तुझ्या ईमेलवर आणि तुझ्या मोबाइलवर. डेव्हलपरला कर्मचारी म्हणून प्रवेश दे. तुझ्या दुसऱ्या कोटेशनमध्ये ‘डोमेन आमच्या नावे, वार्षिक सेवा’ असं लिहिलंय, ती ओळ खोडायला लाव. दर महिन्याच्या एक तारखेला वस्तू, ग्राहक आणि ऑर्डरी यांची सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी यादी) उतरवून ठेव. उद्या प्लॅटफॉर्म बदललास तर एवढं सोबत येतं; ग्राहकांचे पासवर्ड येत नाहीत, आणि पानांच्या जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यांवर वळवणं वेगळं करावं लागतं.

वस्तूंची नावं मराठीत जरूर ठेव, ‘बिडाची कढई, १० इंच’ असंच लोक शोधतात. पानाचा पत्ता मात्र रोमन लिपीत लिही. देवनागरी पत्ता कॉपी केला की टक्क्यांच्या खुणांची माळ होते, एकेका अक्षराची आणि प्रत्येक काना-मात्रेचीही नऊ चिन्हं, आणि वर्डप्रेसमध्ये २०० चिन्हांची मर्यादा असल्याने अक्षरं आणि काना-मात्रा मिळून बावीसेक झाली की पत्ता तुटतो.

गेटवेची केवायसी अडते ती बहुतेक वेळा साइटवरची पानं नसल्यामुळे. संपर्क, अटी, गोपनीयता, परतावा आणि डिलिव्हरी, ही पाच पानं आधी लिही. ‘तडकलेलं आलं तर ४८ तासांत खोक्यासह फोटो पाठवा, नवं पाठवू’ इतकं साधं लिही. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क लागतो; तक्रारीची पोच ४८ तासांत, निकाल महिन्याभरात. वहिनी फोन उत्तम सांभाळतात, त्यांचंच नाव घाल. वस्तूच्या पानावर एमआरपी, उत्पादकाचा पत्ता आणि देश हेही हवं.

आता तू चौदाही वस्तूंचं काट्यावरचं वजन आणि खोक्यांची मापं एका कागदावर लिहून त्याचा फोटो पाठव. सोबत कुरिअरवाल्यांची दरपत्रकं, ज्यात भागायचा आकडा दिलाय ते पानही. मी टप्पे मांडून देतो. तोवर कुणालाही अॅडव्हान्स देऊ नकोस.

काकांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र